अठरा एमएम

लकडगंजहून टेम्पो येतो भुशाचा.
ताडपत्री काढली की आधी सागाचा वास,
मग बाभळीचा,
मग संत्र्याच्या फुटक्या पेट्यांचा.
प्रेसमधून निघाल्यावर
यातलं कोण साग होतं, विचारायची सोय नाही.

पऱ्हाट्या उमरेडकडून येतात, ट्रॉलीतून.
एरवी धुऱ्यावरच पेटल्या असत्या.
काहींना अजून चिकटलेली असते कवडी,
वेचणाऱ्या बोटांतून सुटलेला चिमूटभर कापूस.

पट्ट्याजवळ इंदू सहारे उभी.
तारा, खिळे, गोटे डब्यात टाकते,
कवडी मात्र पदराच्या गाठीत.
"कापूस रेझिन पिते," म्हणते, "मंग बोर्ड फुगते."
दोन वर्षांत तिची एक उशी भरली.

चिपर सुरू झाला की कुणी कुणाला हाक मारत नाही.
मी प्रेसवर. एकशे साठ डिग्री, आठ मिनिटं.
चार बोटं जाड गादी आत जाते,
बोटभर जाडीची होऊन बाहेर येते.
रेझिन डोळ्यांना झोंबतं.
पहिल्या महिन्यात सगळेच रडतात,
सुपरवायझर बावणेसुद्धा रडला होता,
आता सांगत नाही.
मे महिन्यात बुटीबोरीच्या उन्हात पाणी प्यायला बाहेर आलो
की गार वाटतं.

माझे वडील, देवाजी पराते,
गोळीबार चौकाच्या मागे खड्डामागावर बसायचे.
कापूस त्यांच्या हाती यायचा तो सूत होऊनच.
त्याला काडी असते, हे त्यांना ठाऊक होतं,
काम कधी पडलं नाही.
माझ्या वाट्याला काडी आली.

माग विकला. खड्डा राहिला.
एका पावसाळ्यात पोरीचा पाय गेला त्यात,
तेव्हा मी रिजेक्टमधला एक बोर्ड आणला,
कोपरा उडालेला, अठरा एमएम,
आणि झाकला.
वडिलांनी वाकून बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिला.
"पोकळ वाजते," म्हणाले.
"खाली खड्डा आहे नं, बाबा."
ते काही बोलले नाहीत.
अजून वळसा घालूनच जातात.

पोरगी त्यावर बसून पाढे म्हणते.
खालून ओल येते, कडा भिजवलेल्या मटकीसारखी फुगलीय,
आणि त्या फुगाऱ्यातून
एक पांढरा तंतू वर आलाय.
इंदूच्या नजरेतून सुटलेला असणार.

उद्या तिला सांगीन म्हणतो,
एक राहिली होती.