लॉरीचं इंजिन

हेरंबने पुण्याहून त्याचा जुना लॅपटॉप धाडला
आंब्याच्या रिकाम्या पेटीत, पेंढ्यात गुंडाळून.
पाठीवर चावलेलं सफरचंद.
आई म्हणाली, उष्टां कशाक धाडल्यान?

बंदीचे दिवस. तारामुंबरीत होड्या झापांखाली,
जेटीवर नुसती कुत्री.
मी सोसायटीच्या डिझेल पंपावर पावत्या फाडते,
बंदीत पावत्या नाहीत.
म्हणून एक गेम आणला जामसंड्याहून, पेनड्राइव्हवर:
मालट्रक चालवायचा, बर्फातून,
जिथे दुपारी तीनलाच दिवे लावतात अशा देशात.

विंडोजचा गेम.
लॅपटॉपने त्याला उंबऱ्यावरच थांबवलं.
ही फाइल उघडता येत नाही.
एवढंच. ना रागाने, ना कारण सांगून.

तीन रात्री गेल्या त्यात.
आमच्याकडे नेट येतं ते विहिरीच्या रहाटापाशी,
तिथे कठड्यावर मोबाइल ठेवून
दोनदा तुटत, तिसऱ्यांदा पुरा, मी उतरवला
एक दुभाषा.
तो लॅपटॉपच्या पोटात खोटं घर बांधतो.
खोटी सी ड्राइव्ह, खोटे फोल्डर,
भिंतीवर खुंट्याही जिथल्या तिथे.
गेम विचारतो, मी घरीच आहे ना?
हा म्हणतो, घरीच तर,
आणि परसदारातून धावत जातो
यंत्राकडे, यंत्राच्या बोलीत तेच मागायला.
सेकंदाला किती हजार खेपा,
कुणी मोजल्यात?

चालू झाला एकदाचा.
पंखा घोंघावू लागला, बूड तापलं,
खाली मासे भाजायची जाळी ठेवली.
पहिल्या घाटात ट्रक उचक्या देत चढला.

बाबा पडवीत चहा घेऊन बसलेले.
तीस वर्षं लॉरीची इंजिनं होड्यांत बसवतात.
कोल्हापूरच्या भंगारातून सहा सिलिंडरी उचलायचं,
रेडिएटर काढून टाकायचा,
वाऱ्याच्या जागी खारं पाणी फिरवायचं,
चाकांच्या जागी एकच पंखा, पाण्याखाली.
खवणेकारांच्या 'रत्नप्रभा'त आहे तसलंच,
त्यावर अजून कुणा शिंद्यांच्या ट्रान्सपोर्टचं नाव,
अर्धं खरवडलेलं.

त्यांनी मान वळवली नाही. बशीत फुंकर मारली.
"एक सिलिंडर मारणा नाय."
"ट्रकाचा नाय ता. लॅपटॉपाक झेपणा नाय,
म्हणान आवाज तुटता."
"तांच सांगतंय."

मी बर्फ कमी केला. सावल्या बंद केल्या.
झाडांची पानं काढून टाकली,
लांबचे डोंगर पुसून घेतले.
आवाज जरा सरळ झाला.
"आता लागला लायनीक," ते म्हणाले
आणि कप उचलून आत आले.

तेव्हाच रस्ता संपला.
बंदर होतं. क्रेन, कंटेनर, एक पिवळा खांब,
आणि त्याच्यापुढे समुद्राच्या जागी
गुलाबी. सपाट, भडक,
जत्रेतल्या बुड्ढी के बाल सारखं,
क्षितिजापर्यंत.

"ह्यो दर्यो?"
मी म्हटलं, दुभाष्याला बाकी सगळं येतं,
पाणी येत नाही.
बाबा बघत राहिले. डाव्या मनगटावरचा
सायलेन्सरचा जुना चट्टा खाजवला.
"पाणी कोणाक येता," म्हणाले,
चेष्टेत की कसं, कळलं नाही.

मग वीज गेली. घर काळोखात,
फक्त मांडीवर ते गुलाबी,
बॅटरीवर, अकरा टक्के.
स्वयंपाकघरात आई काड्यापेटी शोधत होती.
मी ट्रक खांबाच्या पुढे काढला.
पुढची चाकं गुलाबीवर गेली.
बुडाली नाहीत.

"त्येका सांगा नको," बाबा हळू म्हणाले.
"कोणाक?"
"ट्रकाक.
इंजिनाक कधी सांगूचा नसता,
खंय बसवलंव ता."

मी तिसरा गिअर टाकला.