लीद

वोलकितेहून परतलो तेव्हा बॅगेत
कॉफीच्या बिया होत्या, दोन सुती शाली,
आणि एक वही. मधोमध रेघ मारलेली.
डावीकडे इथिओपिया, उजवीकडे सावदा.
हा हिशेब कंपनीने मागितला नव्हता.

मी ठिबकच्या नळ्या जोडायला गेलेला माणूस.
पहिल्या सकाळी घरामागे केळीच दिसली,
जाड बुंध्याची, पानाला लाल शीर,
मी घड शोधत वर बघत राहिलो
तशी ब्रितुकान हसली.
तिच्या भाच्याने सांगितलं: घडाचं काय घेऊन बसलात,
आम्ही बुंधाच खातो.
खरवडून, खड्ड्यात पुरून, आंबवून,
त्याची भाकरी.

तिचं खेचर अंगणात असायचं,
गळ्यात लाल गोंडे.
लग्नाला तेच, मयताला तेच.
पहाटे ती लीद गोळा करायची, हातांनी,
राखेत कालवून पानांखाली झाकायची महिनाभर,
मग बुंध्याला दोन दोन ओंजळी.
दाराजवळच्या झाडाला जास्त,
लांबच्याला उरली तर.
मी पावलांनी मोजलं:
चाळिसाव्या पावलावर काळी माती संपते,
पुढे तांबडी.
डाव्या रकान्यात लिहिलं, चाळीस.

उजव्या रकान्यात
निंभोरा रस्त्यावरची सायबू तडवीची अकरा खेचरं.
पाठीवर गोणपाट,
गोणपाटाखाली जखम, जखमेवर हळद.
भट्टीवर माती वाहतात. गोंडे नाहीत.
लीद जाते विटांच्या चिखलात,
वीट आतूनही जळते, हलकी निघते,
सरपण वाचतं.
म्हणजे आमच्या गावच्या नव्या बंगल्यांत
भिंतीभिंतीतून खेचरं उभी आहेत,
आणि बंगलेवाल्यांच्या बागेत
सेंद्रिय कर्ब शून्य दशांश तीन.
वर पोटॅश, वर युरिया, नळीतून थेंब थेंब.

मी सायबूकडे एक ट्रॉली मागितली.
"काय करशीन लिदीचं?"
"केळीला घालतो."
त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खेचरांकडे,
जणू त्यांचंही मत घ्यावं.

काका, प्रल्हाद भंगाळे, बांधावरूनच म्हणाले,
वांझ जनावराचं खत बागेत आणू नको.
पील फुटणार नाही.
मी काही बोललो नाही.
खिशातलं केळं सोललं, मधोमध मोडलं,
आतले ते बारीक काळे ठिपके दाखवले,
बी व्हायचं राहून गेलेले.
काकांनी चष्मा वर करून नीट पाहिले
आणि अर्धं केळं खाऊन टाकलं.

तिकडे एक म्हण आहे.
खेचराला विचारलं, तुझा बाप कोण?
ते म्हणालं, घोडा माझा मामा.
ब्रितुकान हे सांगताना खेचराचे कान झाकायची.

आता खरं सांगतो.
पहिली ट्रॉली मी घाईने घातली, कच्चीच.
महिनाभर कोण थांबतो, ट्रॅक्टरचं भाडं चढत होतं.
कांदेबागातली सात रोपं पिवळी पडली.
उरलेली तरली, पील फुटले,
नेहमीइतकेच फुटले, जास्त नाही,
आणि चौथ्या रांगेत, नळीच्या कडेकडेने,
दादर उगवली.
खेचर धड चावत नाही. दाणा अख्खा येतो, अख्खा जातो.
तिकडेही बुंध्यांभोवती सातू उगवायचा,
ती तो उपटून परत खेचरापुढे टाकायची,
ते मी पाहिलं होतं
आणि लिहायचं विसरलो होतो.

पौषात सायबू आला ट्रॉलीचे पैसे न्यायला.
केळीच्या सावलीत कंबरेएवढी दादर पाहून थांबला.
एक ताट वाकवून बघितलं.
"ही तर माझ्या गोणीतली."
मग जरा वेळाने,
"कापून नेऊ?"

मी वही उघडली.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही,
हे लिहायला रकानाच नव्हता.

विळा त्याला दिला.
बाहेर रस्त्यावर कोणीतरी
फुरफुरत उभं होतं.