प्रशासक म्हणून चालवा

निपाणीच्या कॉलेजात, रात्री साडेनऊला,
चाळीस मशीनं एका स्विचला तोंड लावून बसलीत.
नमुन्याचं मशीन मी बनवलंय.
बाकीच्यांनी आता त्याच्यासारखं व्हायचं.

इराण्णा दारात, हातात किल्ल्यांचा जुडगा.
"एष्टोत्त री, मॅडम?"
"झालंच की रे."
त्यानं कानडीत विचारलं, मी मराठीत सांगितलं,
हे आमच्या दोघांच्याही ध्यानात येत नाही.

आधी नुसतं क्लिक केलं. परवानगी नाही, म्हणालं.
मग उजवं बटण, मेनूतली ती ओळ.
पडदा काळवंडला, मधोमध एकच प्रश्न:
बदल करू द्यायचे का?
हो.

आईनं एकतीस वर्षं विड्या वळल्या.
रोज हजार. पान कातरायचं, जर्दा भरायचा,
दोरा, पंचवीसचा कट्टा.
शनिवारी कारखान्यात मुकादम कट्टा सोडायचा
आणि एका बोटानं चारपाच बाजूला सारायचा:
छाट.
का, ते विचारायचं नसायचं.
हजार विड्या आईच्या होत्या,
ते बोट तिचं नव्हतं.

बारा टक्के. एकोणतीस. पंख्यांची घरघर.
सतरा नंबर निळा पडला.
माझ्याही तोंडून निघालं, छाट.

शंभर झाल्यावर अठरा नंबर उघडला
तर कोपऱ्यात माझीच फाईल: आईचा पीएफ, अर्ज चौथा.
नमुन्यावरून पुसायची राहिली होती.
एकोणीसवर तीच. वीसवर तीच.
एकोणचाळीस पडद्यांवर माझी आई
हुबळीच्या साहेबांना विनंती करत होती
की कार्डावरची शेवंतव्वा
आणि आधारवरची शेवंताबाई
ही एकच बाई आहे.

वर नेटवर्क कुरकुरायला लागलं:
या नावाचं मशीन आधीच आहे.
सगळ्यांचं नाव एकच पडलं होतं ना.

मग बसले. एकेकाला नाव देत गेले,
निपाणी-०१, निपाणी-०२...
कुणाचा दाखला मागितला नाही,
कुणाची सही नाही, शिक्का नाही.
प्रत्येकाला अर्धं मिनिट लागलं.
फाईल एका आज्ञेत सगळीकडून गेली,
सतरावर ती पोचलीच नव्हती.

इराण्णानं दिवे घालवले.

घरी आई जागी होती. पाचवा अर्ज पुढं ठेवला.
पेन धरून तिनं माझ्याकडं बघितलं:
"कुठलं लिहू गं?"