डावा कान

हिवरधऱ्याच्या आखरावर
त्या वैशाखात मी सत्तावन्न कान टोचले.
पिवळा बिल्ला, बारा आकडे.
चिमटा दाबला की कट् असा आवाज,
जनावर मान झटकतं
आणि विसरतं. निदान आम्ही तसं सांगतो.

बेबीनंदा ढोक यांचा जर्सीचा गोऱ्हा
तेव्हा महिन्याचाही नव्हता.
टोचून झाल्यावर माझ्या पँटीचा कपडा चोखत राहिला.
"याले दूध पाजता का नाही, वहिनी?"
"पाजतो ना. पान्हा सुटेपर्यंत."
एवढं बोलून त्या आत गेल्या.
चहा दाट होता,
मी बशीतला शेवटचा घोटही सोडला नाही.

काल कारंज्याच्या अलीकडे, हायवेला,
टायरच्या दुकानामागं तीन गोऱ्हे उभे होते.
एकाला डावा कान अर्धाच.
कुत्र्यानं तोडला तर कान फाटतो,
हा सरळ होता,
बिल्ल्याच्या दोन बोटं अलीकडून
ब्लेडनं घेतलेला.

पंक्चरवाला पोरगा म्हणाला,
"रात्री टेम्पो येते न् सोडून जाते.
वखराले आता ट्रॅक्टर हाय,
नराचं करतीन काय?
इकता येत नाही, कापता येत नाही.
मंग सोडते."
सोडते, असं म्हणाला,
पिंजऱ्यातला पोपट सोडावा तसं.

मी औषध फवारायला वाकलो
तर जखमेवर हळद.
वाळलेली, खपलीत बसलेली,
पण हळदच.
म्हणजे कान कापल्यावर
कुणीतरी उठून चुलीजवळ गेलं,
डबा उघडला, चिमूट घेतली,
आगही होऊ नये म्हणून फुंकर घातली असेल,
आणि मग टेम्पोवाल्याला फोन लावला.
ब्लेडचं मला कळतं.
हळदीचं काय करू?

तोच होता का, ठाऊक नाही.
कपाळावर पांढरं होतं का त्याच्या?
मला तोंडं आठवत नाहीत,
आकडे मोबाईलमध्ये असतात.
तिथं तो अजून हिवरधऱ्यालाच आहे :
नर, लसीकरण झालेलं, मालक ढोक.
तक्रारीचा रकानाही आहे.
मी उघडला.
कारण लिहायला जागा फार मोठी होती.

तो माझी बाही चोखत होता.

आज सकाळीच फोन,
"भाऊ, गाय माजावर आली. लवकर या.
अन् कालवडच होईल अशी कांडी आणजा,
महाग असली तरी चालते."

गेलो. नायट्रोजनची टाकी डिक्कीत,
पाऊस नुकता उघडलेला, गोठ्यात ढेपेचा वास.
गाय ओळखीच्या माणसासाठी उभी राहावी तशी
शांत उभी राहिली.
काम दोन मिनिटांचं.

हात धुवायला वहिनींनी तांब्या पुढं केला.
त्यांची बोटं पिवळी होती.
भाजीची असतील, रोजच असतात,
माझ्या बायकोचीही असतात.
दावणीला एक खुंटा रिकामा,
दावं नीट गुंडाळून वर टांगलेलं.

मी विचारणार होतो.
"चहा मांडतो, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी नको म्हणालो नाही.