दगड उभा करताना

नऊ वर्षं डेन्सिलचा दगड अंगणात आडवा होता.
पोरं त्यावर डॉमिनो आपटत,
दुपारी शेळी टेकून रवंथ करी,
नावातल्या एका अक्षरावर शेवाळ धरलं होतं.
दगड उभा करायचा म्हणजे का कमी खर्च:
दोन बोकड, कूकूला मक्याचं पीठ, पिंपभर रम, सिमेंट,
आणि हडर्सफील्डहून लेकीचं विमानाचं तिकीट.

आली ती, आइव्हा, जाड कोट हातावर घेऊन.
लुक्रेसमावशीनं रिंगणात रम शिंपडली, मग पाणी.
जुन्यांची थाळी आतल्या मेजावर झाकली, अळणी,
आणि पहिलं गाणं धरलं ते माफीचं.
आमच्याकडे नाचायच्या आधी माफी मागतात.
कशाची, ते विचारायचं नसतं.

मी बुला वाजवतो. बुला म्हणजे बाजूचा ढोल,
रमच्या पिंपाचा, बोकडाच्या कातड्याचा,
रात्रभर एकच ठोका, गाढवाच्या चालीचा.
मधला कटर मात्र तोंडाळ. तो डेन्सिलचा.
कातड्यावर ताणलेल्या दोऱ्यात टाचण्या ओवलेल्या,
म्हणून बोलता बोलता झिणझिणतो.
गंजल्या होत्या. आइव्हानं शिवणाच्या डबीतून
नव्या काढून दिल्या, मोजून बारा.
वाजवायला केझरॉन, सोळा वर्षांचा, ओठ चावत.

मग एकेक कूळ उठलं. क्रोमांटी. इग्बो. टेमने.
ज्याचं त्याचं कूळ, ज्याचा त्याचा ठेका.
"आपलं कुठलं?" आइव्हानं विचारलं.
मावशी म्हणाली, "तुझी आजी टेमने सांगायची,
आजोबा तिच्यावर रागावले की मान्डिंग.
तू आधी बूट काढ."

मावशीचा घागरा तिला आखूड.
टोकं कशी धरायची, ठाऊक नाही.
नाचली म्हणवत नाही; चालली, एकदा वळली,
आणि थेट कटरपाशी येऊन
कातड्यावर तळवा ठेवला.

टाचण्या कशा थरथरतात, एवढंच बघायचं होतं तिला.
पण आमच्यात तळवा ठेवला की थांबायचं.
केझरॉन थांबला. माझा हात
दोन ठोके जास्त वाजवून थांबला.

डेन्सिलला असं थांबवणारी एकच होती,
आइव्हाची आई. तीही उजाडल्यावर,
कॉफी गार होते म्हणून.

"माझं काही चुकलं का?"
हात तसाच, कातड्यावर.
मावशीनं घागऱ्याला तोंड पुसलं.
खाली खाडीत होड्या दोर ओढत होत्या,
ते इतक्या वेळात पहिल्यांदा ऐकू आलं.