फर्माईश

मंगळवारच्या गठ्ठ्यात अशोक चौकाचं एक कार्ड असायचंच,
विडीच्या तंबाखूचा वास लागलेलं.
राजमणी मेरगू आणि घरची मिळून पाच नावं.
तिसरं, व्यंकय्या.

हा व्यंकय्या एकदा मुलाखतीला आला होता.
चादरीवरचा मोर त्याचा,
आलेखाच्या कागदावर घर घर मोजून काढलेला.
विचारलं, ही कला आली कुठून?
तो नुसता माझ्या ओठांकडे बघत राहिला.
चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात
कान कधीच गेलेले.
मग म्हणाला,
"रंग उडला तर उडू दे. मोर उडायला नको."

मधले अकरा सेकंद मी कापले.
रेडिओला गप्प बसणं परवडत नाही.

या मंगळवारी कार्डावर चारच नावं.
खाली वाकडं अक्षर :
"गाना नको सर.
आमचे मालक तुमच्यासमोर गप बसलते,
तेवढं लावा."

कापलेली टेप कोण जपून ठेवतं?

साडेतीनला माईक उघडला.
चार नावं वाचली. पाचवंही.
आणि घड्याळावर नजर ठेवून
गप्प बसलो.

सातव्या सेकंदाला काचेपलीकडून
इंजिनिअर हातवारे करत काहीतरी ओरडू लागला.
मी त्याच्या ओठांकडे बघत राहिलो.