चौदा नंबरची झोपमोड

सकाळी सातला खोलीत दिवे लागतात,
म्हणजे उंदरांची रात्र सुरू होते.
बाहेर ग्रोनिंगनच्या कालव्यावर अजून अंधार.
व्हीट्स्के थर्मास उघडून पिंजऱ्यासमोर बसते,
एक वाजेपर्यंत.

हातात जलरंगाचा ब्रश, दोन नंबरचा.
टोचायचं नाही, उचलायचं नाही.
चौदा नंबर कापसात तोंड खुपसतो,
कान मागे पडतात,
आता डोळा लागणार, तेवढ्यात
ती मिशांच्या टोकाला ब्रश टेकवते.
बस, एवढंच.
पद्धतीचं नाव हळुवार हाताळणी.
वहीत एक रेघ.

पहिल्या तासात चार रेघा.
पाचव्यात रेघेवर रेघ चढते.
घरटं उपसून नवा कागद दिला,
लाकडी ठोकळा दिला,
शेजारच्या पिंजऱ्यातली वासाची चिंधी दिली.
तो हुंगतो,
हुंगता हुंगताच पेंगतो.

सीब्रेन, मार्चमध्ये निवृत्त झालेला, सांगायचा,
आमच्या वेळी पाण्यात उलटी कुंडी असायची.
कुंडीवर डुलकी चालायची.
पण स्वप्न सुरू झालं की मान सैल पडते
आणि मग पाणी.
किती दिवस ठेवायचात? तिनं विचारलं होतं.
तो कॉफी ढवळत राहिला,
साखर घेत नसे तरी.

काल रात्री तीनला आईचा फोन,
माझी सायकल कुणी नेली?
चारला पुन्हा, तीच सायकल.

एकला ब्रश खाली.
चौदा नंबर जागच्या जागी वेटोळं करतो
आणि पडद्यावर लाटा येऊ लागतात,
संथ, रोजच्यापेक्षा कितीतरी उंच.
बुडालेले तास तो तासांनी फेडत नाही,
तळाशी जाऊन फेडतो.
दोन तास त्याला झोपू द्यायचं.
मग नमुना घ्यायचा. तक्त्यात तसंच लिहिलंय,
‘नमुना’.

तीनला येल्मर कोरडा बर्फ घेऊन येतो.
भिंतीला डोकं टेकून व्हीट्स्के,
तोंड जरासं उघडं, ब्रश मांडीवर.
तो तिच्या खांद्याकडे हात नेतो.

मग खाली फरशीवर बसतो,
डबा दोन पायांत धरून.
पडद्यावर लाटा अजून उंचच.
झाकणाच्या फटीतून धूर निघतोय,
आणि न वितळताच
बर्फ कमी कमी होत चाललाय.